बेस ड्रमचे नऊ दिवस

आमच्या शाळेच्या बँडमध्ये बेस ड्रम विजूकडे होता आणि तो मला हवा होता. तेव्हा आम्ही नववीत होतो. आता मी ताथवड्याला एका ऑफिसात कामाला आहे, या गोष्टीला बारा वर्षं झाली, तरी बेस ड्रमचा आवाज कुठून आला की माझं डावं पाऊल आपोआप पुढे पडतं.

आमची शाळा मोशीत. त्या वर्षी मैदानावर नव्या वर्गांचं बांधकाम निघालं होतं, म्हणून सरावाला आम्ही मागच्या प्लॉटिंगमध्ये जायचो. बिल्डरने सिमेंटचे रस्ते करून ठेवले होते, इमारती अजून उठल्या नव्हत्या. सकाळी सात वाजता नदीकडून धुकं यायचं. पुढच्या रांगेतल्या बासरीवाल्या दिसायच्या नाहीत, नुसती बासरी ऐकू यायची. मध्येच एखादा पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत यायचा आणि आम्ही सगळ्या रांग मोडून कडेला व्हायचो.

शिकवायला दत्तोबा मास्तर होते. गावातलेच, फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले. चाकणच्या एका कंपनीत गेटवर त्यांची दुसरी शिफ्ट असायची, म्हणून सकाळ आमची. आवाज कधी चढवायचे नाहीत. कुणाचं पाऊल चुकलं तर तिच्या शेजारून स्वतः चालायला लागायचे, ते सुधारेपर्यंत.

विजू म्हणजे विजयश्री. जिंतूरकडची. वडील कंपनीत कंत्राटावर होते, चिखलीत एका खोलीत चौघं राहायची. अंगाने बारीक, ड्रम गळ्यात घातला की समोरून फक्त तिचे पाय दिसायचे. पण तिचा ठोका एकदा सुरू झाला की आम्ही बत्तीस जणी एकसारख्या चालायचो. मी साइड ड्रमवर होते. आम्ही सहाजणी साइड ड्रमवाल्या, आणि ती एकटी. मला वाटायचं, मी मोशीची, शाळेत आधीपासूनची, आणि मधला मोठा ड्रम आठवीत आलेल्या मुलीकडे.

जानेवारीत पुण्याला आंतरशालेय स्पर्धा होती. बारा दिवस उरले असताना विजू सरावाला आली आणि मास्तरांशी हळू आवाजात काहीतरी बोलली. वडिलांचं कंत्राट संपलं होतं. जिंतूरला मामाच्या गॅरेजमध्ये काम मिळत होतं. खोली गुरुवारी सोडायची होती, म्हणजे स्पर्धेच्या नऊ दिवस आधी.

मास्तरांनी आम्हाला गोल बसवून विचारलं, नऊ दिवस कुणाच्या घरी तिची सोय होईल का. बहुतेक जणी एका खोलीत राहणाऱ्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमची तीन मजली इमारत, खाली आईची पिठाची गिरणी. मी म्हटलं, घरी विचारून सांगते.

मी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, आई नाही म्हणाली. विजूने मान हलवली आणि त्याच सकाळी ड्रमचा पट्टा माझ्या खांद्यावर चढवून दिला.

तिने मला मनापासून शिकवलं. काठीकडे बघायचं नाही, पुढच्या रांगेच्या टाचांकडे बघायचं, असं सांगितलं. पण मी वाजवायला लागले की वेग वाढायचा. बासरीवाल्यांना दम लागायचा, वळणावर शेवटची रांग धावायची. मास्तरांनी चार वेळा थांबवलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पोरी, तू लोकांनी ऐकावं म्हणून वाजवतीयास. हे मागच्यांनी चालावं म्हणून वाजवायचं असतंय."

विजू कडेला सिमेंटच्या पाइपवर बसली होती. मांडीवर बोटांनी ठोका धरत होती. तिला ते कळतही नसावं. मला तिच्याकडे बघवेना.

त्या दिवशी शाळेत माझं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी गिरणीत जाऊन आईला सगळं सांगितलं. तिने गिरणीचा पट्टा थांबवला. आवाज बंद झाल्यावर मला जास्तच भीती वाटली.

"मला इचारलंच न्हाईस की गं तू," ती म्हणाली. एवढंच. हात धुतले, पदराला पुसले आणि स्कूटीची किल्ली घेतली.

चिखलीच्या खोलीत गाठोडी बांधून झाली होती. विजूचे वडील आधी तयार होईनात. वयात आलेली मुलगी, परकं घर, असं काहीबाही म्हणत राहिले. आई गाठोड्यावरच बसली आणि म्हणाली, "भाऊ, माझ्या पोरीजवळ निजंल ती. स्पर्धा झाली की मी सोता येष्टीत बसवून दीन." त्यांनी विजूकडे पाहिलं. मग तिला म्हणाले, तुझे कपडे वेगळे काढ.

ते नऊ दिवस मला अजून तपशिलाने आठवतात. आम्ही एकाच गादीवर झोपायचो. विजू झोपेत पाय हलवायची. आई दोघींच्या वेण्या एकापाठोपाठ घालायची आणि विजूच्या केसांना तेल जरा जास्तच लावायची. कॅनव्हासच्या बुटांना आम्ही गच्चीवर पांढरा रंग दिला, तो वाळेपर्यंत अनवाणी कदमताल केला. खालचे भाडेकरू वर बघायला आले.

तिसऱ्या दिवशी डबे घासताना मी तिला खरं सांगून टाकलं. ती डबा घासत राहिली.

"काऊन केलंस असं?" तिने विचारलं.

"मला ड्रम हवा होता."

"मंग मागायचा की. आठवड्यातून दोन दिवस दिला असता म्या." थोड्या वेळाने तिने उरलेले सगळे डबे माझ्याकडे सरकवले आणि हात धुवून आत गेली. सकाळी मात्र माझी मोज्याची जोडी तिनेच शोधून दिली.

स्पर्धेत आमचा नंबर दुसरा आला. पहिल्या आलेल्या शाळेकडे ट्रम्पेट होते, आमच्याकडे बासऱ्या. पण वळणावर आमच्या सगळ्या रांगा एका रेषेत फिरल्या तेव्हा टाळ्या पडल्या. मी साइड ड्रमवरून विजूच्या टाचांकडे बघत चालले होते. मास्तर दोरीपलीकडे उभे होते. आम्ही समोरून गेलो तेव्हा त्यांनी फौजेतला सॅल्यूट ठोकला आणि लगेच हात खाली घेतला, जणू चुकून झाला.

दुसऱ्या दिवशी आईने तिला शिवाजीनगरला जिंतूरच्या गाडीत बसवलं. शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. विजू खिडकीतून म्हणाली, घाई करू नको बरं का. वर्षभर आमचे फोन होत होते. नंतर त्यांचा नंबर बंद लागायला लागला. जिंतूरची कुणी भेटली की मी अजून विचारते.

दहावीत बेस ड्रम माझ्याकडे आला. आम्ही चौथ्या आलो. मास्तर म्हणाले, चांगलं वाजवलंस. उगाच बरं वाटावं म्हणून बोलणारा माणूस नव्हता तो.