दवताईची कोरडी बोटं

आमच्या लाँड्रीत सकाळी वाफ सुटली की माणसं कमरेपासून खाली नाहीशी व्हायची. नुसती डोकी आणि हात तरंगत राहायचे. मी बॉयलर सांभाळायचो, म्हणजे वाफ माझीच. तरी तीस वर्षांत मला त्या देखाव्याची सवय झाली नाही. वरच्या दोऱ्यांवर हॉटेलांच्या नि दवाखान्यांच्या चादरी हलत असायच्या, आणि खाली आम्ही कुणाच्या तरी झोपेत शिरल्यासारखे हळू बोलायचो.

इस्त्रीच्या टेबलांमागे एक फळा होता. दिवसभरात कुणी किती चादरी केल्या ते त्यावर लिहिलं जायचं. एका इस्त्रीवाल्याला आम्ही वादळ म्हणायचो, तो कायम पहिला. दवताईचं नाव फळ्यावर कधीच नसायचं, कारण ती इस्त्री करत नव्हती. ती इस्त्रीआधी चादरींवर पाणी शिंपडायची. वाडग्यात बोटं बुडवायची, मनगटाला एक झटका, आणि कापडाला आपोआप दव सुटल्यासारखे थेंब. मग चादर गुंडाळून घटकाभर झाकून ठेवायची. ओल आत मुरली की इस्त्री लोण्यावरून फिरल्यासारखी फिरे.

एकदा ती बहिणीच्या बाळंतपणाला आठ दिवस गेली. वादळाचा आकडा निम्म्यावर आला. सुरकुत्या हटेनात, दोन चादरी करपल्या. तेव्हा मालकांचे डोळे उघडले. ते बॉयलरपाशी माझ्याकडे आले.

"काखेत कळसा नि गावाला वळसा, काका! आपला हिरा ही बाई आहे. हिला जाऊ द्यायचं नाही."

जाऊ द्यायचं नाही म्हणून त्यांनी तिला सुपरवायझर केलं. पगार वाढवला. वरच्या मजल्यावर काचेची केबिन दिली, फिरती खुर्ची दिली. शिंपडायला दोन नव्या बाया घेतल्या.

दवताई काचेमागे बसून वहीत खुणा करू लागली. मी खालून बघायचो. एका हातात पेन, आणि दुसऱ्या हाताची बोटं आपली हवेत उडतायत. कोरडीच. तिला स्वतःला ते ठाऊक नसावं.

"काका, ताई वरून शिंपडतायत बघा," वादळ म्हणाला. "भिजलात का?"

पहिले काही दिवस आम्ही हसलो. नंतर कुणी वर बघेना.

दोन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. पुलापलीकडच्या लाँड्रीत जाणार होती. मालक तडक माझ्याकडे आले.

"काका, माणसं जास्त पगारासाठी जातात. ही कमी पगारावर चाललीय! असं काय आहे तिथं?"

"वाडगं आहे."

"म्हणजे?"

"मालक, मासा आवडला म्हणून तुम्ही त्याला झाडावर बसवलंत. वर फांदीही रंगवून दिलीत."

त्यांनी बॉयलरच्या काट्यावर टिचकी मारली. "खाली आणली तर लोक म्हणतील, उतरवली."

"लोकांचं राहू द्या. तिला विचारलंत?"

इतक्या वर्षांत मालकांनी कुणाला विचारलंच नव्हतं. द्यायचे सढळ हाताने, पण स्वतःच्या मनाने.

दुपारी त्यांनी तिला सगळ्यांसमोरच गाठलं. "ताई, माझं चुकलं. काय केलं तर राहाल?"

"हे तुम्ही केबिन देण्याआधी विचारायचं होतं."

"आता विचारतोय ना!"

तिने शिंपडणाऱ्या दोन नव्या बायांकडे पाहिलं. "मला माझं टेबल द्या. पगार आता आहे तोच ठेवा, तो माझ्या हाताचा आहे, खुर्चीचा नाही. ह्या दोघींना मी शिकवीन. आणि दर महिन्याच्या एक तारखेला येऊन मला विचारायचं, ताई, राहताय का?"

"आणि नाही म्हणालात तर?"

"तर का, ते विचारायचं."

एक तारीख आली. मालक शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखे तिच्या टेबलापाशी उभे राहिले.

"ताई, राहताय का?"

"ह्या महिन्यात राहते."

मालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच मागून वादळ म्हणाला, "आणि मला कोण विचारणार? मी तर वर्षभर निघायच्या बेतात आहे."

मालकांचा चेहराच उतरला. "तू? का रे?"

"पहिला आलो की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं यायचं. झोपेतसुद्धा चादरीच करतो, मालक. सकाळी उठतो तो दमलेलाच."

मालकांनी एक स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसले. "सांग. सगळं सांग." त्याचं झालं की पुढच्या टेबलाशी, मग त्याच्या पुढच्या. काम दीड तास खोळंबलं.

दवताईने मात्र केव्हाच सुरुवात केली होती. ओल्या बोटांनी तिने नव्या बाईचं मनगट धरलं.

"सैल सोड गं. चादर कुठं पळून जात नाहीये."