सुदाबेचा बोर्ड

“अंगठा पुढे टेकतोय का? टेकायला हवा. गुडघा वाकवलास की मागे सरकेल,” सुदाबे म्हणाली आणि माझ्या पायाशी उकिडवी बसून बुटाची नाडी आवळू लागली.

“कळतं मला,” मी म्हणाले.

“सतरा वर्षं झाली, फरी.”

“पाय तेच आहेत.”

दुकानदार कामरान आगा काउंटरमागून हसला. माझ्याकडे बघून नाही, तिच्याकडे बघून. “उस्ताद, तुम्ही सांगाल तेच बूट द्यायचे. आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.”

उस्ताद! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या उस्तादला बर्फावर उभं राहायला शिकवलं कुणी? मी, फरंगीसने. तेव्हा आम्ही दोघी चोवीस वर्षांच्या होतो. दोघींत मिळून एक भाड्याचा स्नोबोर्ड घ्यायचो, अर्धा तास माझा, अर्धा तास तिचा. माझ्या अर्ध्या तासात मी दोनदा उतार उतरून यायचे. तिच्या अर्ध्या तासात ती ढुंगणावर आपटायची आणि रडायची.

मग माझं लग्न झालं, मुलगी झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या अकरा वर्षं खिळून राहिल्या. दिवसभर इस्पितळात बसून ऐंशी जणांचं रक्त काढायचं आणि घरी येऊन त्यांची कूस बदलायची. सुदाबेने लग्न केलं नाही. ती दर शुक्रवारी डोंगरावर जात राहिली. आता ती मुलींना शिकवते, तिचा स्वतःचा बोर्ड आहे आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तिच्या पोटावर एक वळी नाही. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. यंदा थंडी सुरू झाली तसं मी नवऱ्याला म्हटलं, “मी पुन्हा स्नोबोर्ड सुरू करणार.” इरज म्हणाला, “कर की. सुदाबे खानमला सांग, ती शिकवेल तुला.” दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

बूट मात्र झकास होते. आजवर दुसऱ्यांच्या घामाचे, ओले, भाड्याचे बूट घातले होते. हे माझे होते, कोरे. मी दुकानात उगाचच चार फेऱ्या मारल्या.

“आणि बोर्ड हा घ्या, खानम,” कामरान आगाने एक आखूडसा, फुलाफुलांचा बोर्ड काढला. “नवशिक्यांना एकदम बरा. मऊ आहे, चुकलं तरी सांभाळून घेतो.”

“हाच घे,” सुदाबे म्हणाली.

“मला तुझ्यासारखा हवा.”

“माझा कडक आहे गं. जरा चुकलं की फेकून देतो.”

“मग राहू दे. बोर्ड भाड्याने घेईन,” मी म्हणाले आणि पैसे काढले. कामरान आगाने छातीवर हात ठेवला, “राहू द्या हो, तुमच्याकडून काय घ्यायचं!” मी म्हटलं, असं कसं. तो म्हणाला, खरंच राहू द्या. मी म्हटलं, छे छे. तीनदा झालं आणि मग त्याने शेवटच्या तुमानापर्यंत सगळे घेतले. आम्हा इराण्यांकडे ही रीतच आहे. देणाऱ्याने ‘तुमचंच आहे’ म्हणायचं, घेणाऱ्याने नको म्हणायचं, आणि दोघांनीही ते मनावर घ्यायचं नाही. एवढं दूधपित्या पोरालाही कळतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही दीझीनच्या बर्फाच्या उतारांवर पोहोचलो. ऊन लख्ख होतं. सुदाबेच्या सहा शिष्या आधीच येऊन चादर पसरून बसल्या होत्या. थर्मासमधला चहा, लवाशच्या पातळ रोट्या, चीज, अक्रोड सगळं मांडलेलं. “उस्ताद, इथे बसा.” “उस्ताद, साखर?” माझ्यासाठी एकीने सरकून जागा केली आणि विचारलं, “खाला, तुम्ही नुसत्या बघायला आलात?”

खाला, म्हणजे मावशी! मी आपली बुटांकडे बघत बसले.

शेजारी बर्फात सुदाबेचा बोर्ड रोवलेला होता. काळाभोर, कडा नुकत्या घासलेल्या, खालच्या बाजूला मेण इतकं सफाईने लावलेलं की हात फिरवावासा वाटावा. मी फिरवलाही. “सुंदर आहे गं,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“तुझाच आहे,” सुदाबे म्हणाली. चहा ओतत होती, वरही बघितलं नाही तिने. कुणीही म्हणतं तसंच म्हणाली.

आणि मी म्हणाले, “बरं. घेते.”

यल्दा नावाची तिची मोठी शिष्या अक्रोड चावायची थांबली. सुदाबेच्या हातातला पेला भरून चहा बर्फावर सांडला तरी ती ओततच राहिली. मला अजूनही हसून ‘चल गं, गंमत केली’ म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. सहा पोरींसमोर शब्द गेला होता तिचा. आता मागे घेतला असता तर उस्तादची इभ्रत काय राहिली असती?

“घे ना. लखलाभ होवो,” ती म्हणाली. पिशवीतून पाना काढून ती गुडघ्यांवर बसली आणि पायाचे पट्टे सोडवायला लागली. ती उजवा पाय पुढे ठेवते, मी डावा. म्हणून सगळे स्क्रू काढून पट्टे उलटे फिरवून बसवायचे होते. हातमोजे काढून, बोटं लाल होईपर्यंत तिने ते नीट बसवले. मी वरून तिची वाकलेली मान बघत उभी होते. खरं सांगते, बरं वाटलं मला. सतरा वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं.

ती गेली भाड्याचा बोर्ड आणायला. मी थांबलेच नाही. तिच्या आधी वरून खाली यायचं, आणि त्या सहाही जणींनी बघायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वर नेणाऱ्या लिफ्टच्या पाळण्यात यल्दा माझ्या शेजारी बसली. तिची नजर बोर्डावरच होती. मग म्हणाली, “उस्ताद त्या बोर्डाला आम्हाला हात लावू देत नाहीत.”

“मला दिला ना,” मी म्हणाले.

वर पोहोचून पट्टे बांधले, उभी राहिले, आणि पहिल्याच वळणावर बोर्डाने मला असं फेकलं की टोपी एकीकडे, मी एकीकडे. उठले. पुन्हा पडले. पाय तेच होते म्हणे! सहाव्यांदा पडले तेव्हा कंबरेत कळ आली आणि मी उताराच्या मधोमध बसून राहिले. उठायची ताकद नव्हती.

तेवढ्यात सुदाबे वरून आली. भाड्याचा बोर्ड, त्यावर पांढऱ्या रंगात चौसष्ट नंबर, कडा बोथट, आणि तरी अशी येत होती की बर्फाचा आवाजसुद्धा होत नव्हता. माझ्याजवळ येऊन थांबली आणि बाजूला बसली. हसली असती तर मी तिला मारलं असतं. हसली नाही.

“लागलं?”

“सुदाबे, मी जळते तुझ्यावर.”

“माहीत आहे.”

“कधीपासून माहीत आहे?”

“तू मला फोन करायची बंद झालीस तेव्हापासून,” ती म्हणाली. “पण माझ्याच बोर्डावर बसून सांगशील, हे नव्हतं वाटलं.”

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. मी पट्टे सोडले, बोर्ड तिच्याकडे सरकवला. “घे परत.”

“छे, दिला तो दिला.”

“घे गं.”

“नाही, खरंच तुला ठेव.”

“सुदाबे, घे.”

“तुझ्यावरून ओवाळून टाकला.”

तीनदा झालं. आता काय करायचं ते मला कळेना. ती रीत म्हणून नको म्हणतेय की मनापासून, तिच्या चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. मी बोर्डावरचा हात काढून घेतला.

तिने बोर्डावरचा बर्फ झटकला आणि म्हणाली, “दे.”

“काय?”

“दे तो इकडे. मला हवाय. माझा जीव आहे त्याच्यात, फरी. घरी माझी वाट बघणारं कुणी नाही. हा आहे.” तिचा आवाज चिरकला. “आणि तुला लाज कशी नाही वाटली घेताना?”

वीस वर्षांच्या ओळखीत ती माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती. इतकी उघडी. मी बोर्ड उचलून तिच्या मांडीवर ठेवला. माफी मागायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, “आज नको. आज मी रागावलेय.”

पाना खाली पिशवीत राहिला होता, त्यामुळे पट्टे माझ्याच पायांच्या बेताने बसवलेले होते. ती तशीच त्यावर चढली, डावा पाय पुढे करून निघाली. उलट्या पायानेसुद्धा तिला वळणं येत होती, थोडी अडखळत, पण येत होती. मी बघत राहिले. हेवा गेला म्हणून सांगू? नाही गेला. उलट्या पायानेही येतं हिला, हेच मनात आलं माझ्या.

ती दिसेनाशी झाल्यावर मी तिने मागे ठेवलेल्या चौसष्ट नंबरला बूट अडकवले. हा तिच्या बेताचा, उजवा पाय पुढे. वळायचा विचारच सोडला. बोर्ड उताराला आडवा धरला, टाचा रोवल्या आणि हळूच वजन सोडलं. वीतभर सरकले. थांबले. पुन्हा वीतभर.

“खाला, बाजूला व्हा!” मागून एक पाच-सहा वर्षांची पोरगी ओरडत आली. मी कडेला झाले, तिला जाऊ दिलं, आणि पुन्हा वीतभर खाली सरकले.