दोन कुलपांचा पियानो

वडवणीच्या सार्वजनिक सभागृहात अभ्यासिका भरते. लुबना तिथं तलाठी भरतीचा अभ्यास करायला रोज जायची. तिच्या टेबलामागं भिंतीला लागून एक पियानो होता. पुण्यात स्थायिक झालेल्या एका व्यापारी घरानं तो गावाला दिलेला. त्याच्या झाकणावर आडवी लोखंडी सळई आणि सळईच्या दोन टोकांना दोन कुलपं. वर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे.

आठ वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला कोणाच्या पुतणीनं आधी वाजवायचं यावरून राधाकिशनराव आणि गहिनीनाथ यांच्यात भांडण झालं होतं. दोघंही सभागृहाच्या समितीवर. तेव्हापासून एक किल्ली याच्याकडं, एक त्याच्याकडं, आणि दोघांत बोलणं बंद.

लुबनाचे अब्बा नबीभाई पंचवीस वर्षं बँड पार्टीत कॅसिओ वाजवायचे. मागच्या हिवाळ्यात लकवा मारला आणि उजवा हात लुळा पडला. पार्टीच्या मालकानं कॅसिओ दुसऱ्याच्या हाती दिला. तेव्हापासून नबीभाई घराबाहेर पडायचे बंद झाले.

एकदा जेवताना लुबनानं सहज पियानोचा विषय काढला. नबीभाईंचा घास हातातच राहिला.

"कॅसिओवर पहिलंच बटण पियानोचं असतंय," ते म्हणाले. "ते दाबून आख्खी जिंदगी वाजवलं. खऱ्याला हात कधी लावला न्हाई. त्याच्या पट्टीला वजन असतंय म्हणतेत."

दुसऱ्या दिवशी लुबना राधाकिशनरावांकडं गेली. ते ओसरीवर बसून तुरीचं बियाणं निवडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या बापासाठी न्हाई म्हणायचं न्हाई मला," ते म्हणाले. "पण किल्ली मी कुणाच्या हाती देत न्हाई. आन् तो असला तिथं, तर मी पाय ठेवणार न्हाई."

गहिनीनाथचं खताचं दुकान बसस्टँडसमोर आहे. त्यानंही जवळपास तेच सांगितलं. वर म्हणाला, "आधी त्याला उघडू दे. मी कावून आधी उघडू?"

लुबना घरी आली. त्या दिवशी तिचं पुस्तकात लक्ष लागेना. मग तिला वाटलं, कुलपं दोन आहेत, पण ती एकाच वेळी उघडायला हवीत असं कुठं आहे? एकानं सकाळी यावं, दुसऱ्यानं दुपारी. आठ वर्षांत हे कोणाला सुचलं नसेल असं नाही. कोणी विचारायलाच गेलं नसेल.

ती पुन्हा राधाकिशनरावांकडं गेली.

"म्हंजे मी आधी उघडलं की मी नमलो, असंच गाव म्हणणार," ते म्हणाले.

"काका, तुम्ही याल तेव्हा दुसरं कुलूप मी कापडानं झाकून ठेवीन. आधी कोण आलं ते मलाच माहीत राहील. मी कोणालाच सांगणार नाही. अब्बांनाही नाही."

ते बराच वेळ बियाण्यातले खडे बाजूला काढत राहिले. "अन् त्यानं विचारलं तर?"

"त्यांनाही नाही."

गहिनीनाथलाही तिनं हेच सांगितलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, गिऱ्हाइकाची पोती मोजून दिली आणि मग म्हणाला, "रविवारी येतो. वेळ तू सांग."

रविवारी अभ्यासिकेला सुट्टी असते. तीनच्या सुमाराला लुबनानं अब्बांना रिक्षानं आणलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. दोघंही आपापल्या वेळी कुलूप उघडून गेले होते, सळई काढलेली होती. झाकण उचललं तर आत उंदरानं कागदांचं घरटं केलेलं, चार पट्ट्या बसलेल्या, बाकीच्या पिवळ्या पडलेल्या. नबीभाईंनी आधी रुमालानं पुसून घेतलं. मग डाव्या हाताचं बोट एका पट्टीवर ठेवून हळूहळू दाबलं. आवाज बेसूर होता, पण संपता संपेना.

"हाय," ते म्हणाले. "वजन हाय."

मग त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. बोटं हलली नाहीत. लुबना खिडकीकडं बघत उभी राहिली.

गहिनीनाथ परत आला होता, दारात थांबला होता. "नबीभाई, माझ्या वरातीत तुमीच होता ना?"

"तुमच्या होतो, राधाकिशनरावांच्या पण होतो. एकाच साली. त्यांच्या वरातीत तुमी लई नाचलात."

गहिनीनाथ दारातूनच मागं फिरला. संध्याकाळी येऊन त्यानं आपलं कुलूप लावलं. राधाकिशनरावांनी नंतर येऊन त्यांचं.

आजही त्या दोघांचं बोलणं नाही. पण दर रविवारी दोन्ही कुलपं उघडी असतात. आधी कोण येतं, असं गावात अनेकांनी लुबनाला विचारलं. तिनं सांगितलेलं नाही.

नबीभाईंचा उजवा हात सुधारला नाही. लुबना त्यांच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसते. खालचे सूर ते वाजवतात, वरचे ती, ते सांगतील तिथं बोट ठेवून. ती चुकली की ते थांबतात.

"उशीर केलास," ते म्हणतात. "परत धर."