पायावरची आंघोळ

माझी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच, वडनेरला झालं. छकुलीला न्हाऊ घालायला गोजरबाई यायच्या. सव्वा महिना व्हायच्या आत त्यांच्याच लेकीचे दिवस भरले आणि त्या देऊळघाटला गेल्या. आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, उजवा हात प्लास्टरात. राहिले मी. दोन दिवस मोरीत पाय लांब करून बसले, तिसऱ्या दिवशी सिझरचे टाके ओले लागले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, खाली बसायचंच नाही.

मग छकुलीला नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं. आंघोळीनंतर दोन-अडीच तास गाढ झोपणारी पोर आता पाच मिनिटांत जागी व्हायची. ती झोपेना, म्हणून मलाही झोप नाही. चार दिवस झाले. डोळे मिटले की डोक्यात तिचंच रडणं.

"मी घालतो तिले आंघोळ," हे म्हणाले.

आत्याबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "बाप्या मानूस तू, राजकुमार. लेकरू पायावर घेनं बायकाइचं काम हाय."

"काऊन? मले पाय नाईत का?"

तेवढ्यावर विषय संपला असं मला वाटलं. संध्याकाळी हे गोठ्याकडून लवकर येईनात, म्हणून मी भिंतीला धरत खिडकीशी गेले. हे पाय पसरून बसलेले, नडग्यांवर एक डांगर, म्हणजे लाल भोपळा, आणि त्या डांगराला चोपडून तेल. ते घसरतं का, बघत होते. दोनदा घसरलं. मी परत येऊन पडले. हसले असते तर टाके दुखले असते.

सकाळी मोरीत पाट मांडला. माझी खाट दारासमोरच.

"मांडी काय घातली? जेवाले बसला का?" आत्याबाई. "पाय लांब कर. टाचा जोड. आता टाक तिले पालथी. मान धर, मान."

"धरली न माय."

"पानी कोपरानं पाह्य. तुह्या हाताले काई समजत नाई, घट्टे पडले हायेत."

छकुली किंचाळली. मी कुशीवर वळून उठायला लागले.

"तू पडून राह्य," हे म्हणाले. मान वर केली नाही. कपाळावरचा घाम नाकावर येऊन थांबला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या बेबीताई विरजण मागायला आल्या. "अवं माय, राजकुमार गोजरबाई झाला का?"

मला वाटलं, आता आत्याबाई ऐकवतील यांना. पण त्या म्हणाल्या, "लेकीले न्हाऊ घालून राह्यला. तुह्या नवऱ्यानं कधी सोताच्या पाठीले तरी साबन लावला का? विरजन चुलीपाशी हाय, घे अन जाय."

पाण्याचा एक तांब्या, दुसरा तांब्या. यांचा हात जड, पण सावकाश. छकुलीचं रडणं हळूहळू कुरकुरीवर आलं. तिला टॉवेलात गुंडाळायच्या वेळी तरी उठायचं असं मी ठरवलं होतं. पाण्याचा आवाज ऐकत राहिले, एवढंच आठवतं.

जाग आली ती दुधानं चोळी भिजल्यावर. ऊन अंगणातून ओट्यावर आलं होतं. छकुली शेजारी गाढ झोपलेली, गाठोड्यासारखी आवळून बांधलेली. गाठ कुणी बांधली ते दिसतच होतं.

"जमलं का नाई?" यांनी दारातून विचारलं. गुडघे चोळत उभे होते. "पाय आखडले वं पार. गोजरबाई रोज कशी बसत अशीन?"

"जमलं," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी गाठ सैल केली. मानेच्या वळीत डाळीचं पीठ तसंच राहिलेलं, वाळून चिकटलेलं. कानामागे तेल. मी पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि ती जागी होणार नाही इतक्या हलक्या हातानं पुसून काढलं. यांना सांगितलं नाही. आत्याबाईंनाही नाही. उद्या परत मला झोपायचं होतं.