शेपटीतला गनर

दुपारचे दोन घास खाऊन उठेपर्यंत हेमांगीच्या फ्लॅटचा पॅसेज लांबत लांबत बॉम्बफेकी विमान झाला होता. पार टोकाला, शेपटीतल्या काचेच्या घुमटात तिचा गनर मशीनगन धरून बसला होता, आणि घरात यायचं दार आता त्याच्या बाजूला आकाशात उघडत होतं.

लढाऊ विमानांच्या कॉम्प्युटर गेममधले गनर हेमांगी घडवायची. खेळणारे वैतागले होते: हे ढगाआडूनही टिपतात, माणसासारखे चुकत कसे नाहीत? तेव्हा त्याला चुकायला शिकवणं हे तिचं काम. तेवढ्यात त्यानं एक कबूतर आणि शेजारणीचा उडालेला टॉवेल पाडलाही.

नवऱ्याचा, मकरंदचा फोन आला. "आलोच. गेटपाशी आहे."

"थांब रे, वर येऊ नकोस. तो अजून चुकत नाही."

"मग शिकव की! पगार कशाचा घेतेस? ऊन मरणाचं आहे, मी येतोय."

आणि तो स्कूटरवरूनच आकाशात चढू लागला, थेट शेपटीच्या दिशेनं.

हेमांगी तान्ह्या चिमीला छातीशी धरून धावली. "अरे, थंडी घातली होती ना तुझ्यात? भीती?"

"दोन्ही आहेत, ताई," गनर म्हणाला. "पण हात कापायला काहीतरी आपलं लागतं. माझं इथं काय आहे?"

तिनं चिमीला त्याच्या मांडीवर ठेवलं. चिमीनं त्याचं बोट मुठीत धरलं. गनर पांढराफटक पडला.

"मान धरायची का हिची?"

त्याचे हात लटलट कापू लागले. गोळ्या स्कूटरच्या अल्याडपल्याड गेल्या. मकरंद आत येऊन हेल्मेट काढत म्हणाला, "काय भिकार नेम आहे गं! जमलं तुला."

चिमी भुकेनं रडू लागली. हेमांगी तिला घ्यायला वळली, तर पॅसेज आणखी लांबला. घुमट गर्रकन आतल्या बाजूला फिरला.

"कोण?"

"मी. तिची आई."

"तिथंच थांबा."

चिमीच्या पहिल्या आंघोळीला हेमांगीचेही हात असेच कापले होते. मग हळूहळू ती तिला एका हातानं पेलू लागली. गनरनं तेवढाही वेळ घेतला नव्हता. चिमी त्याच्या कोपराच्या बेचक्यात नीट टेकली होती, मान सांभाळलेली.

रडणं ऐकून हेमांगीला पान्हा फुटला. कुर्त्यावर ओला, गोल डाग उमटला आणि पसरू लागला. ती चालत राहिली. बंदुकीची नळी त्या डागावर येऊन थांबली. ती जराही हलत नव्हती.