तंबूवाल्याच्या माथी

हिंमतरावनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं बायकोचा हात मोडला, आणि कोर्टात गुन्हेगार ठरला तो सिनेमा! महाराष्ट्र वेगळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. रनाळ्याच्या बाजारात सुकलालनं सिनेमाचा तंबू ठोकला होता. पडद्यावरचा खलनायक चाबूक उगारतो ते बघून माझ्या अशिलाचं डोकं फिरलं, असं हिंमतरावचा वकील छाती ठोकून सांगत होता. म्हणजे दांडा सुकलालनंच उचलला म्हणायचा!

जसोदाबाई हात गळ्यात बांधून बाकावर बसली होती. वकिलाचं तिला काही वाटलं नाही, त्याचं ते कामच. तिची सगळी मदार थोरल्या भावावर, मोतीलालवर. मी खरं तेच सांगेन, नवऱ्याला शिक्षा झाली की तुला माहेरी नेईन, असा शब्द त्यानं दिला होता. आणि दर दिवाळीला बहिणीला न्यायला यायचा, तेव्हा तिच्या पाठीवरचे वळ त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

मोतीलाल पिंजऱ्यात उभा राहिला. देवाची शपथ घेतली आणि म्हणाला, दाजी देवमाणूस. तंबू यायच्या आधी त्यांनी कधी हात उगारला नाही. जसोदाच्या पायाखालची जमीनच सरकली. मेल्या, तुझी जीभ कशी झडली नाही, असं ओरडावंसं वाटलं तिला. मग तिची नजर मागे गेली. तिथं वहिनी बसली होती, प्रमिलाबाई, हिंमतरावची सख्खी बहीण. साटंलोटं होतं ना! दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागलेली. हिंमतराव तुरुंगात गेला असता, तर माहेरच्यांनी प्रमिलाबाईला ओढून नेलं असतं. भावानं स्वतःचं घर राखलं आणि बहिणीला विहिरीत ढकललं.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी हिंमतरावला चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. सुकलालला मात्र तंबू उठवायला लावला.

बाहेर आल्यावर मोतीलाल तिच्याकडे न बघताच म्हणाला, "तंबू ते गया आते. मंग भ्याव कसाना?"

"तंबू ते औंदा उना, भाऊ," जसोदा म्हणाली. "मी लगीनपाईन मार खाई ऱ्हायनू."

"माले मालूम शे, बाई," मोतीलाल म्हणाला, आणि तिचं गाठोडं उचलून त्यानं हिंमतरावच्या गाडीत ठेवलं.