वहिनींची चूक

"ओठ हलवू नका. ही शेवटची ताकीद." स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं उमटली आणि सुबोध परुळेकरने तोंड घट्ट मिटून घेतलं.

घरी बसून द्यायच्या या ऑनलाइन परीक्षेत ओठ हलले की कॉपीचा संशय. कॅमेऱ्यातून कुठून तरी त्याच्यावर नजर ठेवून बसलेल्या त्या परीक्षकाला काय ठाऊक, की या माणसाने शाळेपासून सगळं पुटपुटतच पाठ केलंय. मरोळच्या कंपनीत नेटवर्क सांभाळता सांभाळता त्याचे केस पिकले. पण नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटला मुदत असते, ती या महिनाअखेर संपत होती, आणि क्लायंटला मुदतीतलंच हवं होतं.

"दूध नासतं रे अनय, शिकलेलं कसं नासेल?" असं तो आपल्याहून लहान असलेल्या मॅनेजरला मोठ्या ऐटीत सुनावून आला होता.

"पण सर, नेटवर्क तरी तेच राहिलंय का?" अनय हसून म्हणाला होता.

नव्हतंच राहिलं. क्लाउडचे प्रश्न सुबोधच्या डोक्यावरून जात होते. अभ्यास करायचा सोडून तो आपल्या अनुभवाच्या गमजा मारत बसला होता. आता घाम फुटला, आणि घामाबरोबर ओठही पुन्हा सुरू झाले. परीक्षा रद्द झाली.

दार उघडलं, तर अस्मिता जिन्यात बसलेली. चारकोपचं वन रूम किचन ते. परीक्षेला खोलीत दुसरं माणूस चालत नाही, म्हणून बिचारी भेंडीचं ताट घेऊन पायरीवर आली होती. आवाज नको म्हणून सकाळपासून कुकरसुद्धा लावला नव्हता. बेल वाजवायला आलेल्या कुरियरवाल्याला तिने खुणेनेच परतवलं होतं.

"झाली?" तिने हळूच विचारलं.

"झाली. निकाल नंतर येतो," तो तिच्याकडे न बघताच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अनयने सगळ्यांदेखत विचारलं, "सर, रद्द का दाखवतंय?" आता तोंड हलत होतं म्हणून हाकललं, हे पहिलीतल्या पोरासारखं सांगायचं कसं?

"अरे यार, बायको मध्येच आत आली ना. कितीदा बजावलं होतं."

म्हणता म्हणता त्याला स्वतःची किळस आली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. याने तर अंगणात पाऊलही न टाकलेल्या बायकोवर खापर फोडलं. पोरं हसली, विषय संपला. निदान त्याला तरी तसं वाटलं.

रविवारी बोरीवलीहून अनय स्वतःच घरी आला. कंपनीने आणखी एक संधी मान्य केली होती, ती बातमी द्यायला. अस्मिताने पोहे केले, चहा टाकला. जाताना चपला घालत तो म्हणाला, "वहिनी, या वेळी मात्र सरांना आतून कडी लावायला सांगा हं. मागच्या वेळी तुम्ही मध्येच आत गेलात आणि वाट लागली."

सुबोधला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ती खरं ते बोलणार, आणि बोलावंच तिने, असंही त्याला वाटून गेलं. अस्मिताने एकदाच त्याच्याकडे पाहिलं.

"हो ना, माझंच चुकलं," ती म्हणाली. "लक्षातच नाही आलं बघा. या वेळी मी माहेरीच जाऊन बसते."

अनय हसत जिना उतरला. दार लागलं. ती बश्या गोळा करत होती. तिच्या आवाजात ना राग होता, ना रडू. उद्या भाजी कुठली करू असं विचारावं, तशी ती म्हणाली,

"पुढच्या वेळी काय सांगणार आहात, ते मला आधी सांगून ठेवा. म्हणजे मी अडखळणार नाही."

मग ती आत गेली आणि नळ सुरू झाला. सुबोध स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, आणि तिथेच उभा राहिला.